डोंगर बसला त्याची गोष्ट

एरवी हे सदर पानाच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसते. दिवाळीत मात्र संपादकमहाशय त्याला पाट मांडून देतात आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात. तेव्हा यंदा वाचकांना जरा लांबवर, थेट अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, ऑरेगन राज्यात न्यावे असा बेत आहे. तेथे एक डोंगर होता. आता तो नाही. तो का नाही, हे दोन तऱ्हेच्या लोकांनी सांगून ठेवले आहे. एक भूशास्त्रज्ञ, त्यांनी दगड फोडून सांगितले. दुसरे त्या डोंगराच्या आसऱ्याने पिढ्यान्पिढ्या राहत आलेले क्लॅमथ लोक. त्यांनी ते एकमेकांच्या कानात सांगितले. गंमत अशी की, दोघांचे सांगणे बरेचसे जुळते.

मी पडलो मराठीचा अध्यापक. दगडधोंड्यांत माझे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. वर्गात लोककथा शिकवू लागलो की दरसाल कोणीतरी एक विद्यार्थी उभा राहतो आणि विचारतो, “सर, पण हे खरे का?” यावर आम्हा मास्तर लोकांचे एक ठरलेले उत्तर असते. लोककथेला खरे-खोटे विचारू नये, तिच्यातले लोकमानस पाहावे. उत्तर वाईट नाही. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु विचारणाऱ्याच्या डोक्यात लोकमानस नसते. त्याच्या डोक्यात त्याची आजी असते. आजीने जे सांगितले ते कुठे लिहिलेले नाही, म्हणून ते फुकट गेले काय, एवढेच त्याला हवे असते. या प्रश्नाची तड लावायची तर असे एखादे ठिकाण शोधले पाहिजे की जेथे गोष्टही आहे आणि गोष्टीची साक्ष काढता येईल असा दगडही आहे. तसे ठिकाण म्हणजे ऑरेगनमधले हे सरोवर.

सरोवराचे इंग्रजी नाव क्रेटर लेक. क्लॅमथ भाषेत त्याला ‘गीवस’ म्हणतात. कॅस्केड नावाच्या पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटर उंचीवर ते आहे. एका अंगाने आठ आणि दुसऱ्या अंगाने दहा किलोमीटर भरेल असा एक प्रचंड वाडगा कल्पावा. त्याच्या उभ्या कड्यांच्या आत पाणी, आणि पाण्याचा रंग असा गडद निळा की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो खोटा वाटतो. या तळ्यात एकही नदी येऊन मिळत नाही आणि तळ्यातून एकही बाहेर पडत नाही. वर्षाकाठी सरासरी चाळीस फुटांवर बर्फ पडते. ते वितळून आणि पावसाने जे काय साठते तेवढेच पाणी. गाळ आणायला नदीच नाही, म्हणून पाणी स्वच्छ. आणि स्वच्छ व खोल, म्हणून निळे. मध्ये एका बाजूला शंकूच्या आकाराचे एक बेट डोके वर काढून बसलेले आहे. त्याला विझर्ड आयलंड, म्हणजे मांत्रिकाचे बेट, असे नाव पडले आहे.

खोली किती म्हणाल? १८८६ साली कॅप्टन डटन नावाच्या अधिकाऱ्याने ती मोजायचे मनावर घेतले. त्यासाठी एक मोठी होडी आगगाडीने आणि मग गाड्यांवर घालून डोंगरापर्यंत ओढत नेली आणि त्या उभ्या कड्यावरून दोरांनी खाली सोडली. पियानोच्या तारेला शिशाचे वजन बांधून, ती पाण्यात सोडून, १६८ ठिकाणी माप घेतले. सर्वांत खोल जागा १,९९६ फूट भरली. पुढे ध्वनिलहरींनी मोजणारी यंत्रे आली, त्यांनी सांगितले १,९४३ फूट. म्हणजे पियानोची तार दोन हजारांत अवघी त्रेपन्न फूट चुकली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याहून खोल सरोवर दुसरे नाही.

आता हा वाडगा आला कुठून? येथे पूर्वी सुमारे १२,००० फूट उंचीचा ज्वालामुखी पर्वत होता. आज त्याला ‘मझामा’ म्हणतात. हे नावही त्याला मरणोत्तर मिळाले. पोर्टलंड शहरातल्या गिर्यारोहकांच्या मंडळाचे नाव मझामा. त्या मंडळींनी १८९६ मध्ये येथे येऊन, नसलेल्या डोंगराचे बारसे करून टाकले. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी या डोंगराचा मोठा उद्रेक झाला. पहिल्याने राखेचा आणि सच्छिद्र दगडांचा उंच लोट आकाशात गेला. मग पोटातला रस जसजसा रिकामा होऊ लागला तसतसे वरच्या छपराला खालचा आधार राहीना. शिखराभोवती वर्तुळाकार भेगा पडल्या, त्या भेगांतून तापलेल्या राखेचे लोंढे चारी दिशांना धावले आणि अखेर सगळे शिखर आपल्याच पोटात बसले. फुगलेली पुरी टोचल्यावर मध्ये खाली बसते ना, तसे. फक्त ही पुरी दहा किलोमीटरांची होती.

या उद्रेकात सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद असा ठोकळा रचला तर तो एव्हरेस्टच्या पाचपटींहून उंच जाईल. राख कॅनडापर्यंत पसरली. इतकेच नव्हे, तर ग्रीनलंडमधल्या जुन्या बर्फाच्या थरांतही तिचे बारीक कण सापडले आहेत. त्यानंतर त्या खोल खड्ड्यात पावसाचे आणि बर्फाचे पाणी साठत राहिले. तो आजच्या पातळीपर्यंत भरायला साडेसातशे वर्षांहून कमी काळ लागला असे गणित आहे. पोटातली आग नंतरही काही शतके अधूनमधून धुमसली. मांत्रिकाचे बेट त्याच काळातले. शेवटची धुसफूस सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीची. तेव्हापासून डोंगर गप्प आहे. शास्त्रज्ञ त्याला मेला म्हणत नाहीत, निजला म्हणतात.

ही झाली दगडांची साक्ष. आता माणसांची.

१८६५ साली फोर्ट क्लॅमथ या लष्करी ठाण्यावर विल्यम कोल्विग नावाचा एक तरुण शिपाई होता. त्याला लालेक नावाच्या म्हाताऱ्या क्लॅमथ नायकाने ही गोष्ट सांगितली. ती थोडक्यात अशी:

फार पूर्वी पाताळाचा धनी लाओ या डोंगराच्या तोंडातून वर येत असे आणि शिखरावर उभा राहिला की त्याचे डोके ताऱ्यांना लागत असे. एकदा त्याला नायकाची मुलगी, लोहा, दिसली आणि त्याचे मन तिच्यावर बसले. माझ्याबरोबर चल, तुला मरण नाही, असे त्याने सांगून पाहिले. ती काही कबूल होईना. लाओ संतापला आणि या सगळ्या लोकांना आगीने भस्म करीन म्हणाला. लोकांनी वरच्या जगाचा धनी स्केल याचा धावा केला. स्केल उतरला तो दक्षिणेच्या शास्ता पर्वतावर. मग दोन्ही शिखरांवरून युद्ध जुंपले. लालबुंद खडक इकडून तिकडे उडू लागले, जमीन हादरली, अग्नीचा पूर रानांना जाळत लोकांच्या घरांपर्यंत आला. लोक पळाले आणि क्लॅमथ सरोवराच्या पाण्यात जाऊन उभे राहिले. तेव्हा दोन वृद्ध मांत्रिक पुढे झाले. आपल्या लोकांच्या पापांचे प्रायश्चित्त कोणीतरी घेतलेच पाहिजे, असे म्हणून त्यांनी पेटत्या मशाली हातात घेतल्या, डोंगर चढून गेले आणि त्या अग्निकुंडात त्यांनी उड्या टाकल्या. ते पाहून स्केलला जोर चढला. त्याने लाओला पाताळात रेटले आणि वरून शिखरच त्याच्या डोक्यावर लोटून दिले. सकाळी लोक पाहतात तो डोंगर नाही. तेथे मोठा खड्डा. मग पाऊस लागला आणि पुष्कळ काळ पडत राहिला. त्या पाण्याने खड्डा भरला.

गोष्टीचे दुसरेही पाठ आहेत. एका पाठात लाओला मारून त्याच्या देहाचे तुकडे सरोवरातल्या जलचर राक्षसांपुढे टाकतात. ते लाओचेच चाकर. पण आपण कोणाला खातो आहोत हे त्यांना कळत नाही. शेवटी डोके टाकले तेव्हा ते धन्याला ओळखतात आणि त्याला तोंड लावत नाहीत. ते डोके तसेच राहिले, तेच सरोवरातले बेट. आमच्या आयाबाया असे काही सांगू लागल्या की शेवटी ‘ते बघ, तिथे’ म्हणून बोट दाखवीत. क्लॅमथ आजीलाही बोट दाखवायला बेट होते.

आता हे दोन वृत्तान्त शेजारी ठेवून पाहा. दोन्ही शिखरे ज्वालामुखीच आहेत. शास्ता येथून दीडशे किलोमीटरांहून दूर. उडणारे तापलेले खडक, रान जाळीत येणारा आगीचा पूर, हे उद्रेकाचे वर्णन आहे. पण या साऱ्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते शेवटचे. डोंगर उडाला असे गोष्ट म्हणत नाही. डोंगर आत पडला असे म्हणते. आणि पाणी नंतर आले, पावसाने आले, असे म्हणते.

हे इतके महत्त्वाचे का? कारण खुद्द शास्त्रज्ञांत यावर बरीच वर्षे वाद चालला होता. एवढा मोठा डोंगर गेला कुठे? तो स्फोटाने आकाशात उडाला की आत कोसळला? जोसेफ डिलर याने १९०२ मधल्या आपल्या ग्रंथात कोसळल्याची बाजू मांडली. उडाला असता तर आसपास त्याच्या जुन्या दगडांचे ढीग दिसायला हवे होते. तेवढे ढीग नाहीत. तरी शंका राहिलीच. अखेर हॉवेल विल्यम्स या भूशास्त्रज्ञाने सगळा मुलूख पायाखाली घालून, बाहेर पडलेल्या मालाचा हिशेब मांडून १९४२ मध्ये निकाल दिला की डोंगर आत बसला. लालेकने हेच सांगितले होते. मात्र त्याच्यापाशी हिशेब नव्हता, लाओ होता.

येथे माझ्यातला शंकेखोर मास्तर जागा होतो. गोष्ट जुळली म्हणून लगेच टाळ्या वाजवू नयेत. आपलेच लोणार घ्या. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर म्हणजे काळ्या दगडात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. पुष्कळ दिवस लोक त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत. पुढे ते उल्कापाताने झाले असे सिद्ध झाले. त्याचीही कथा आहे. लवणासुर तेथे जमिनीखाली लपून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, त्या बिळावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. गावात दैत्यसूदनाचे देखणे देऊळ उभे आहे. आता या कथेत कोणाला उल्कापाताची आठवण सापडेलही. परंतु लोणारचे वय शास्त्रज्ञ कोणी पन्नास हजार वर्षे सांगतात, कोणी पाच लाखांहून अधिक. तेवढ्या काळाची आठवण विष्णूच्या कथेत टिकली असे मानायला मी तरी तयार नाही. साधी गोष्ट आहे. नंतरच्या माणसांनी तो गोल खड्डा आणि खारे पाणी पाहिले, आणि येथे काहीतरी भयंकर घडले असले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. कथेला डोळे असतात. ती आठवणीतून येते तशी समोर दिसणाऱ्या वस्तूवरूनही रचली जाते.

मग लाओची कथाही अशीच खड्ड्याकडे पाहून रचलेली नसेल कशावरून?

या शंकेला पहिले उत्तर एका पादत्राणाने दिले. ऑरेगन विद्यापीठात ल्यूथर क्रेसमन नावाचे प्राध्यापक होते. सरोवराच्या ईशान्येला फोर्ट रॉक येथे एक गुहा आहे. १९३८ मध्ये क्रेसमन यांनी ती खणली. मझामाच्या राखेचा थर लागला, आणि त्याच्या खाली डझनावारी वहाणा सापडल्या. सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीचे पीळ घालून विणलेल्या वहाणा. राखेच्या खाली वहाणा, म्हणजे राख पडण्याच्या आधी माणसे. क्रेसमन हे सांगू लागले तेव्हा पुष्कळ विद्वानांनी माना हलवल्या. एवढ्या पुरातन काळी येथे वस्ती असणे त्यांना पटेना. मग विलर्ड लिबी यांची पद्धत आली. झाड जिवंत आहे तोवर हवेतला किरणोत्सारी कर्ब घेत राहते. मेले की तो ठरावीक गतीने घटू लागतो, ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला ते मोजले की वय निघते. १९५१ मध्ये फोर्ट रॉकच्या वहाणांचे वय प्रसिद्ध झाले: नऊ हजारांच्या वर. याच शोधाबद्दल लिबींना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच भागातल्या पेस्ली येथील गुहांत तर चौदा हजार वर्षांपूर्वीच्या मनुष्यवस्तीच्या खुणा सापडल्या.

ज्यांच्या पायांत त्या वहाणा होत्या त्यांनी उद्रेक पाहिला असे नव्हे. ते त्याच्याही दीड-दोन हजार वर्षे आधीचे. पण एवढे ठरले की डोंगर बसला तेव्हा हा मुलूख ओसाड नव्हता. पाहणारे डोळे तेथे होते. राखेच्या वरच्या थरांतही माणसाच्या हातच्या वस्तू सापडतात, म्हणजे सांगणारेही पुढे उरले. लोणारला ही सोय नाही.

दुसरे उत्तर वागणुकीत आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. क्लॅमथ लोकांमध्ये सामान्य माणसाने या सरोवराकडे पाहायचेसुद्धा नाही असा दंडक होता. जो पाहील त्याच्यावर संकट येईल. तेथे जायचे ते मांत्रिकांनी, किंवा ज्याला दैवी सामर्थ्य मिळवायचे आहे अशा साधकाने. तो उपास करी, दगडावर दगड रचून चळती उभ्या करी, रात्रीच्या अंधारात त्या गार पाण्यात पोहे. काही जण पश्चिमेच्या कड्यावरून थेट पाण्यापर्यंत धावत उतरत. जो न पडता खाली पोचला त्याच्या अंगी मोठी शक्ती आहे असे मानत. नुसत्या खड्ड्याला माणूस इतका भीत नाही. आपल्याकडेही एखाद्या डोहाला पाय लावायचा नाही, एखाद्या राईतली काटकी उचलायची नाही, असे नियम असतात. का, ते सांगणारा उरत नाही, पण नियम उरतो. कथा सांगणारा पदरचे मीठ-मसाला घालतो. नियमाला मसाला लागत नाही. ‘तिकडे पाहू नकोस’ हे वाक्य आजीने नातवाला सांगितले की ते जसेच्या तसे पुढे जाते.

आणि हा नियम त्यांनी परक्यांच्या बाबतीतही पाळला. गोरे व्यापारी आणि फासेपारधी त्या मुलखात कितीतरी वर्षे हिंडत होते, पण एवढे मोठे सरोवर तेथे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. १८५३ च्या जूनमध्ये सोन्याच्या हरवलेल्या खाणीच्या शोधात निघालेला हिलमन नावाचा माणूस खेचरावर बसून चढत चढत कड्यापाशी आला आणि समोर पाहतो तो निळे पाणी. सोने शोधणाऱ्याला पाणी सापडले. त्यानंतर स्टील नावाच्या एका गृहस्थाने सतरा वर्षे खटपट केली आणि १९०२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. आता तेथे दरसाल लाखो लोक जातात, आणि पाहायचे नाही म्हणून ज्याची शपथ होती त्याचीच छायाचित्रे काढतात.

मग कथा खरी ठरली काय? माझे मत विचाराल तर, डोंगर बसल्याची आठवण तिच्यात आहे असे मानायला जागा आहे. जागा आहे एवढेच. लोहाची प्रेमकथा मूळचीच की मागाहून शिरली, दोन मांत्रिकांचे प्रायश्चित्त लालेकचे की ऐकणाऱ्या ख्रिस्ती कानाचे, हे प्रश्न उरतातच. आणि येथे एक मोठी मौज आहे. लालेकने गोष्ट सांगितली १८६५ मध्ये. एला क्लार्क या इंग्रजीच्या प्राध्यापिकेच्या वायव्येकडील आदिवासींच्या कथांच्या संग्रहात ती सर्वांपुढे आली १९५३ मध्ये. मधली ८८ वर्षे ती साक्षर लोकांच्या हाती होती. तेव्हा साखळीचा कच्चा दुवा शोधू गेलो तर बोट सात हजार वर्षांच्या निरक्षर काळाकडे जात नाही. लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या या ८८ वर्षांकडे जाते. लेखणी हातात असली म्हणजे वेळीच चालते असे थोडेच आहे?

सात हजार सातशे वर्षे म्हणजे किती? पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तीनशेहून अधिक पिढ्या. तीनशे वेळा कोणा म्हाताऱ्याने सांगितले आणि तीनशे वेळा कोणा पोराने ऐकले. मधली एक जरी पिढी ‘पुरे झाल्या त्या गोष्टी’ म्हणाली असती तरी सारे संपले असते. आगीने, राखेने, उपासमारीने जे तुटले नाही ते कशाने तुटले, हे सांगितल्याशिवाय मात्र ही हकीकत पुरी होत नाही.

१८६४ च्या करारात क्लॅमथ, मोडॉक आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी दोन कोटी एकरांहून अधिक भूमी सोडून दिली. सरोवरही त्यात गेले. मुलांना शाळांत घातले, आणि तेथे घरची बोली बोलण्याला बंदी. १९५४ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला की सरकारदरबारी ही जमात जमात म्हणून यापुढे राहणार नाही. उरलेली राखीव भूमी गेली, तिच्यावरची पाइनची जंगले गेली. १९८६ मध्ये मान्यता परत मिळाली. भूमी मात्र परत मिळाली नाही. आणि २००३ मध्ये क्लॅमथ भाषा जन्मापासून अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती वारली.

ज्या भाषेत डोंगर बसल्याची गोष्ट पहिल्याने सांगितली गेली असेल तिची ही कथा. नशिबाने तिचे काही जतन झाले. गॅट्शेट यांनी १८९० मध्ये तिचा कोश आणि व्याकरण छापले. एम. ए. आर. बार्कर यांनी म्हाताऱ्या माणसांपाशी बसून तिच्या कथा, कोश आणि व्याकरण १९६३-६४ मध्ये ग्रंथरूपाने दिले. हेच बार्कर पुढे उर्दूकडे वळले आणि परक्यांना उर्दू शिकवणारी त्यांची पुस्तके नावाजली गेली. या ग्रंथांवरून आणि घराघरांत उरलेल्या शब्दांवरून क्लॅमथ लोक आता आपल्या मुलांना भाषा पुन्हा शिकवीत आहेत. आजीकडून नातवाकडे जायची ती भाषा आता कोशातून नातवाकडे जाते आहे. वाट उलटी आहे, पण वाट आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आता मला थोडे निराळे उत्तर देता येते. आजी सांगते ते सगळेच खरे नसते, आणि ते तसेच्या तसे गिळायलाही नको. पण ती बोलते तेव्हा ती एकटी बोलत नाही, तिच्या मागे रांग असते. त्या रांगेतल्या पहिल्या माणसाने काय पाहिले होते हे आपल्याला ठाऊक नसते. कधीकधी त्याने डोंगर बसताना पाहिलेला असतो. खरे-खोटे करायला दगड आहेत, राख आहे, वहाणा आहेत, आणि ते काम करणारी विद्वान मंडळीही आहेत. त्यांना घाई नाही. दगड आणखी हजार वर्षे थांबतील.

आजी थांबणार नाही. तेव्हा या चार दिवसांत, फराळाची ताटे उचलली गेली आणि मुले फुलबाज्या संपवून घरात आली की, तिला बोलते करा. ती म्हणेल, ‘मला मेलीला काय येतंय?’ तसे सगळ्याच म्हणतात. जरा थांबावे. दुसऱ्यांदा विचारावे. आणि ती सांगू लागली की जवळ कागद-पेन्सिल असू द्यावी; आपल्याकडून तरी ८८ वर्षे लागायला नकोत.